महाप्रसादाचं नाव

दैतारी मेहेर गेले तेव्हा सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं. मी तोवर निवृत्त झाले होते, पण जुन्या ओळखीने प्रेक्षक सज्जात जाऊन बसले. मुख्यमंत्री बोलले, विरोधी पक्षनेते बोलले. विणकराच्या घरी जन्म, पाच वेळा आमदार, एकदा वाचस्पती. आमच्याकडे विधानसभेच्या अध्यक्षाला वाचस्पती म्हणतात. कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाचं मन मोडलं नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही कळतं. पण एकतीस वर्षं मी त्याच सभागृहात, वाचस्पतींच्या आसनाखालच्या टेबलावर बसून लोकांचं बोलणं लघुलिपीत उतरवलं आहे. बोललं काय गेलं आणि छापलं काय गेलं यातलं अंतर मी माझ्या हातांनी पाडलेलं आहे. म्हणून दैतारीबाबूंची गोष्ट सांगायचा थोडा हक्क मला आहे, आणि थोडी लाजही.

ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मी कटकची. ते पश्चिमेकडचे, संबलपूरच्याही पलीकडचे. त्यांची बोली ऐकली की आम्हा समुद्राकाठच्या लोकांना हसू यायचं, आणि सभागृहात निम्मे लोक समुद्राकाठचेच. त्यांचं पहिलं भाषण माझ्या पाळीत आलं. मला वाटलं, बिचारा नवखा माणूस, आपण जरा नीट करून देऊ. मी त्यांचे सगळे शब्द धुऊनपुसून शुद्ध भाषेत मांडले. दुसऱ्या दिवशी ते टंकलेली प्रत हातात घेऊन आमच्या खोलीत आले.

"हे कोण बोललं?"

"तुम्हीच. काल दुपारी."

"मी? एवढं गुळगुळीत? माझ्या बायकोने वाचलं तर म्हणेल, राजधानीत जाऊन कुणाच्या तरी नादी लागलाय." खोलीतले सगळे हसले. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "अपा, मी बोललो तेच राहू द्या. वाकडं असेल तर वाकडं. उद्या गावचा माणूस विचारेल, आमचं सांगितलंस का? तेव्हा त्याला त्याच्याच शब्दांत दाखवता आलं पाहिजे."

अपा म्हणजे ताई. वयाने मी त्यांच्याहून लहान, तरी त्या दिवसापासून मी त्यांची अपा झाले.

त्या पहिल्या भाषणात त्यांनी केलं काय होतं, तर त्यांच्या भागात त्या उन्हाळ्यात उपासाने मेलेल्या नऊ जणांची नावं वाचली होती. नाव, बापाचं नाव, गाव. पुढे प्रत्येक अधिवेशनात ते हेच करायचे. कधी तिघं, कधी वीस. इतर आमदार चिडवायचे, "आले बघा यमाचे कारकून." मी एकदा विचारलं, आकडा सांगितला तर पुरत नाही का? ते म्हणाले, "आकडा सांगितला की मंत्री म्हणतो, चौकशी करू. नाव घेतलं की त्याला खाली बघावं लागतं."

मी नंतर मुद्दाम लक्ष ठेवलं. खरंच, मंत्री खाली बघायचे.

वर्षातून एकदा त्यांचा एक मित्र कामकाज बघायला यायचा. काळा, शिडशिडीत, खांद्यावर चुड्याची, म्हणजे पोह्यांची, पुरचुंडी आणि पायांत कधीच काही नाही. पहिल्या वेळी प्रवेशपत्रिकेचा कागद भरायला दैतारीबाबू त्याला माझ्याकडे घेऊन आले.

"नाव काय यांचं?" मी विचारलं.

"ते तुम्ही त्यालाच विचारा."

"तुमचा मित्र ना?"

"म्हणूनच. तो माझा महाप्रसाद आहे."

मग माझ्या लक्षात आलं. पुरीच्या देवळातला प्रसाद दोघांनी एकमेकांच्या हातून खाल्ला की ते महाप्रसाद होतात, आणि त्यानंतर आयुष्यभर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती 'महाप्रसाद' अशीच. भावाचं नाव घेता येतं, यांचं येत नाही. आमच्याकडे कटकला हे आता म्हाताऱ्यांपुरतं उरलं आहे, तिकडे अजून कडक पाळतात.

"बिसिकेशन तांडी," मित्राने स्वतःच सांगितलं. "डुमरपालीचा. आणि हे साहेब जे आहेत ना, यांचं नाव मला विचारू नका, मी मेलो तरी सांगणार नाही."

तांडी म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. मेहेरांच्या पोराने तांडीच्या पोराच्या हातून खाल्लं तेव्हा दोघं आठ-नऊ वर्षांचे होते. गावातला कुणी पुरीहून आला, त्याने वाळलेला प्रसाद मुठीत दिला, आणि या दोघांनी चिंचेखाली बसून तो एकमेकांना भरवला. दैतारीबाबूंच्या आईने त्यांना मागाच्या काठीने झोडपलं. पण प्रसाद पोटात गेला होता, तो काही परत काढता येत नाही. दोन्ही घरांना नातं मान्य करावं लागलं. नुआखाईच्या दिवशी, नवा तांदूळ खाऊन झाल्यावर सगळा गाव वडीलधाऱ्यांना जुहार करायला निघतो, तेव्हा मेहेरांच्या ओसरीवर पहिला पाय बिसिकेशनचा पडायचा.

निवडणुकीच्या वेळी तर या नात्याची मोठी गंमत व्हायची. बिसिकेशन सायकलवर कर्णा बांधून गावोगाव फिरायचा, पण उमेदवाराचं नाव घ्यायची सोय नाही. तो ओरडायचा, "महाप्रसादाला मत द्या. विणकराचा पोरगा, चरख्यासमोर शिक्का मारा." लोक विचारायचे, "अरे पण नाव काय त्याचं?" हा म्हणायचा, "ते पलीकडच्या गावाला विचारा." शेवटी त्या अख्ख्या भागात दैतारी मेहेरांना लोक महाप्रसाद म्हणूनच ओळखू लागले. पाच निवडणुका ते याच नावावर जिंकले असं म्हटलं तरी चालेल.

पाचव्या खेपेच्या उत्तरार्धात पक्षाला पश्चिमेकडचा माणूस कुठेतरी बसवायचा होता. मंत्री केला तर तो नावं वाचणार. म्हणून वाचस्पती केला. हे मी म्हणते, त्यांनी कधी म्हटलं नाही. त्यांना त्या उंच आसनाची भुरळ पडली होती, हेही मीच म्हणते. विणकराचा पोरगा, सगळं सभागृह उठून उभं राहतं, आत येताना चोपदार पुढे चालतो. कुणाला नाही आवडणार?

त्या अधिवेशनाला बिसिकेशन आला. दिवसभर सज्जात बसला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मला गाठलं.

"अपा, महाप्रसाद आज एकदाही बोलले नाहीत."

"वाचस्पती बोलत नसतात. दुसऱ्यांना बोलू देतात."

"मग आमचं कोण बोलणार?"

"बोलेल कुणीतरी. एवढे आमदार आहेत."

त्याने चहा बशीत ओतून फुंकला. "त्यांना आमची नावं माहीत आहेत का?"

मी दोघांच्या चहाचे पैसे दिले. त्याला मी पाहिलं ते शेवटचंच.

पुढच्या वर्षी तिकडे पाऊस मधेच दडी मारून बसला. भात पोटऱ्यात आला आणि वाळला. डुमरपालीचे हातीपायी धड असलेले लोक वीटभट्ट्यांवर निघून गेले. मागे राहिले ते म्हातारे, आजारी, आणि बिसिकेशनसारखे, ज्यांच्या छातीत भट्टीचं काम करायची ताकद उरली नव्हती. रेशनच्या दुकानाला कुलूप होतं. जंगलात कडू कंद मिळतो. तो विषारी असतो, पण चिरून दोन रात्री वाहत्या पाण्यात ठेवला की विष निघून जातं. लहान मुलालासुद्धा हे ठाऊक असतं. त्या वर्षी ओढ्याला वाहतं पाणी नव्हतं. लोकांनी डबक्यातल्या पाण्यात कंद भिजवला आणि भूक होती म्हणून एकाच रात्रीत उकडला. पाच माणसं मेली. त्यातला एक बिसिकेशन.

दैतारीबाबू दहाव्याला गावी गेले. परत आल्यावर त्यांनी मला आपल्या दालनात बोलावलं, कशाला म्हणून नाही, नुसतंच. दार लावून घेतलं आणि जे झालं ते सांगितलं.

चौकशीला एक अधिकारी आला होता. झाडाखाली टेबल मांडून मेलेल्यांची नावं लिहून घेत होता. चार घरांतल्या लोकांनी चार नावं सांगितली. मग सेबतीची पाळी आली, बिसिकेशनच्या बायकोची. मूलबाळ नाही. शेजारची दोन्ही घरं भट्टीवर गेलेली. अधिकाऱ्याने विचारलं, मयताचं नाव? सेबती गप्प. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. एरवी अशा वेळी शेजारचं कुणी तोंड घालतं. तिने पदर पुढे ओढून इकडेतिकडे बघितलं, आणि तिला लाल दिव्याच्या गाडीजवळ उभे असलेले महाप्रसाद दिसले. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय अपा. तिचाही नेम, माझाही नेम."

"तोंडाने घेता येत नव्हतं. लिहायला काय धाड भरली होती?"

ते हाताची बोटं बघत बसले. विणकरांची बोटं असतात तशी, धाग्याच्या खुणा राहिलेली. "सगळा गाव बघत होता. वाचस्पती आणि गावचा नेम मोडतो. मला वाटलं, हा अधिकारी नंतर कुणालाही विचारून घेईल."

अधिकाऱ्याने कुणालाच विचारलं नाही. त्याला एक मेलेला कमीच हवा होता. त्याने चार नावं लिहिली आणि चौघांपुढे 'पोटाचा विकार' असं लिहून टेबल उचललं. पाचवा माणूस कागदावर मेलाच नाही. रेशनकार्डावर तो जिवंत होता. सेबती विधवाही नव्हती.

पंधरा दिवसांनी ती राजधानीत आली. एकटी, दोन दिवस प्रवास करून. वाचस्पतींच्या बंगल्याच्या फाटकाशी तिने बसकण मारली. दैतारीबाबूंनी तिला आत घेतलं, जेवायला वाढलं. ती जेवली नाही. तिचं मागणं एवढंच होतं, की सभागृहात नाव घेतलं जावं. "तुम्ही इतक्यांची घेतलीत," ती म्हणाली. "माझ्या घरातल्या माणसाने सायकलीवर फिरून तुमच्यासाठी घसा फोडला तो त्यासाठीच ना? तिथे नाव घेतलं की ते कागदावर जातं, असं ते मला सांगायचे. एकदा तिथे घ्या. मला दुसरं काही नको."

दैतारीबाबूंनी शब्द दिला. स्वतः घेणार नव्हते, पण सोय करणार होते. विरोधी बाकावर कुंतला धरुआ नावाची नवी आमदार होती, तिकडचीच, पहिल्यांदा निवडून आलेली. ती डुमरपालीला जाऊन पाचही नावं गोळा करून आली होती आणि बोलायला वेळ मागत होती. वाचस्पतींनी तिला प्रश्नोत्तरांनंतरची पाच मिनिटं दिली. सेबतीच्या प्रवेशपत्रिकेचा कागद मीच भरला. त्यात नवऱ्याच्या नावाचा रकाना असतो. मी तिला न विचारता तो भरला. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि हात जोडले.

त्या दिवशीही पाळी माझीच होती. माझं नशीबच तसं.

कुंतला उठली. कागद नव्हता तिच्या हातात, तोंडपाठ करून आली होती. एकेक नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, गाव, वय. सत्ताधारी बाकावर आरडाओरडा सुरू झाला, कुणी बाकं बडवायला लागलं. पाचवं नाव तिने ओरडून घेतलं. "बिसिकेशन तांडी, डुमरपाली, वय बावन्न." मी वर सज्जाकडे बघितलं. सेबतीने नाव ऐकताच पदर कपाळावरून खाली ओढला होता आणि ती मान खाली घालून बसली होती. माझी पेन्सिल चालूच होती.

तेवढ्यात मुख्यमंत्र्यांच्या बाकाकडून एक चिठ्ठी घडी होऊन वाचस्पतींच्या टेबलावर गेली. मी खालीच बसले होते, त्यांनी उघडली तेव्हा मला दिसली. एकच शब्द होता. 'सांभाळा.'

दैतारी मेहेरांनी चिठ्ठी परत घडी केली. घंटा वाजवली. मग त्यांच्या त्या शांत आवाजात म्हणाले, "नियम असा आहे की जी व्यक्ती या सभागृहात उपस्थित नाही आणि उत्तर देऊ शकत नाही, तिचं नाव इथे घेता येत नाही. सन्माननीय सदस्यांनी घेतलेली पाचही नावं कामकाजातून काढून टाकण्यात येत आहेत."

नियम आहे, खोटं नाही. बाहेरच्या माणसावर कुणी आरोप करू नये म्हणून केलेला. मेलेल्या माणसाला उत्तर द्यायला हजर राहा म्हणणारा वाचस्पती मी एकच पाहिला. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय म्हणायचं. कुंतला पुढच्या मोकळ्या जागेत धावली, चोपदारांनी तिला उचलून बाहेर नेलं. माझी पाळी संपली, दुसरा लघुलेखक येऊन बसला, मी वही घेऊन उठले.

सेबती जिन्याशी माझी वाट बघत उभी होती. गोंगाटात तिला पुढचं काही कळलं नव्हतं, किंवा 'कामकाजातून काढणे' म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

"नाव घेतलं ना त्या पोरीने?"

"घेतलं."

"तुम्ही लिहिलं?"

वही माझ्या हातात होती. "लिहिलं," मी म्हणाले.

तिने माझ्या पायांना हात लावला आणि पहिल्या गाडीने गावी गेली.

ऊन उतरायच्या आत मी टंकलेल्या प्रतीतून ती पाच नावं माझ्या हाताने काढली. छापील प्रतीत त्या जागी फुल्या येतात. वर्तमानपत्रांनाही मग ती नावं छापता येत नाहीत, छापली तर हक्कभंग. मी प्रत सहीला घेऊन वाचस्पतींच्या दालनात गेले.

"तुम्हीच मला सांगितलं होतंत," मी म्हणाले, "वाकडं असेल तर वाकडं, पण बोललं ते राहू द्या."

"अपा, एक वर्ष राहिलंय," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला मला पाटबंधारे देणार आहेत. मी डुमरपालीला कालवा आणतो. ओढा वाहायला लागला की कुणाला कंद खायची वेळ येणार नाही. नाव काय, माणूस तर गेलेला आहे. कालवा हजार माणसांना जगवेल."

"आणि तिला दिलेला शब्द?"

"सभागृहात नाव घेतलं गेलं. मी एवढंच कबूल केलं होतं."

त्यांनी सही केली. सही करताना ते खाली बघत होते, पण सही करताना कुणीही खालीच बघतो. मी रागाच्या भरात सांगून टाकलं की लघुलिपीच्या वह्या सहा महिन्यांनी नष्ट करतात, तशी ही मी नष्ट करू देणार नाही. नियमाने तो गुन्हा होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढची फाइल ओढली.

कालवा आला नाही. पाटबंधारे मिळालं नाही, तिकीटसुद्धा मिळालं नाही. पक्षाला त्यांची गरज तेवढीच होती. अपक्ष म्हणून उभे राहिले तेव्हा सायकलवर कर्णा बांधून फिरणारं कुणी नव्हतं. कुंतला धरुआने त्यांना अशी धूळ चारली की डुमरपालीतसुद्धा त्यांना एक आकडी मतं पडली. ते गावी जाऊन राहिले. माग परत बसवला म्हणे, पण डोळ्यांना धागा दिसत नव्हता.

त्या सहीनंतर सहा वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, त्यांचा फोन आला. "अपा, नुआखाईला या. ती वही आहे का अजून? घेऊन या. वहिनींना द्यायचीय."

वही एकटी देऊन उपयोग नव्हता. लघुलिपी सेबतीला काय, त्यांनाही वाचता येत नव्हती. वाचायला मीच हवी होते. मी गेले.

नुआखाईचा मुहूर्त सकाळचा होता. घरातल्यांनी पानावर नवा तांदूळ देवीला दाखवला, सगळ्यांनी पूर्वेकडे तोंड करून खाल्ला. मग दैतारीबाबू धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसले. नुआखाईला वैर धरायचं नसतं, जुहार टाळायचा नसतो. म्हणून लोक आले. वाकले, 'जुहार' म्हणाले, आणि निघाले. कुणी बसलं नाही, कुणी घरातलं गोड मागितलं नाही, कुणी पिकाचं बोललं नाही. पहिला पाय कुणाचा पडायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुपार झाली, ते माणसांच्या पलीकडे रस्त्याकडे बघत होते. सेबती आली नाही.

"ती यायची नाही," त्यांच्या बायकोने आतून सांगितलं. "सहा वर्षं आली नाही, आज काय तुमच्या अपांसाठी येणार आहे?"

ते उठले. मोठ्याने लहानाकडे जुहाराला जायचं नसतं, तरी ते निघाले. मी वही पिशवीत घालून मागे चालले. तांडी वस्ती गावाच्या टोकाला, ओढ्याकाठी. ओढ्याला त्या वर्षी पाणी होतं.

सेबती उंबरठ्याशी बसली होती. आधीच लहानखुरी, आता अगदीच सुकली होती. समोर पानावर मूठभर नवा तांदूळ, दूध, गूळ. मेलेल्यांचं पान. माशा बसत होत्या, ती हाताने उडवत होती. आम्हाला बघून उठली नाही.

"जुहार, वहिनी," दैतारीबाबू म्हणाले.

"बसा, महाप्रसाद."

ते मातीतच बसले. "अपांनी वही आणलीय. त्या दिवशीची. यात नाव आहे. बाकी सगळीकडून गेलं, यातून नाही गेलं."

मी वही उघडून ते पान तिच्यापुढे धरलं. तिने बराच वेळ बघितलं. "या काड्या?"

"ही लिहायची घाईची रीत आहे," मी म्हणाले. "मी वाचून दाखवते."

तिने हात पानावर ठेवला. "तुम्ही नको. तुम्ही मला लिहिलं म्हणून सांगितलं होतंत. कुंतलाने मला नंतर तो छापील कागद दाखवला. तिथे फुल्या होत्या."

मी वही मिटली.

ती दैतारीबाबूंकडे वळली. राग नव्हता तिच्या आवाजात, तो असता तर बरं झालं असतं. "सहा वर्षं पान वाढते. गेलेल्यांना नवा भात खायला नाव घेऊन हाक मारावी लागते, नाहीतर ते येत नाहीत. पोरगा असता तर त्याने मारली असती. मी कशी मारू? दरवर्षी हे पान गाईला जातं. महाप्रसाद, तुम्ही एकदा हाक मारा. इथे तुमचा चोपदार नाही, मुख्यमंत्री नाही. नेम मोडल्याचं पाप लागलं तर मला लागू दे."

दैतारी मेहेरांनी हात जोडले. ओठ हलले. मी पंचवीस वर्षं त्या माणसाच्या ओठांकडे बघून शब्द उतरवले होते, पुढचा शब्द काय येणार ते मला आधी कळायचं. नाव ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. ते तिथेच थांबलं. त्यांनी गिळलं, परत तोंड उघडलं. नेम होता, की भीती होती, की लाज, मला माहीत नाही. तोंडातून नुसतं 'महाप्रसाद' एवढंच आलं, आणि मग तेही नाही. ते रडायला लागले.

सेबतीने थोडा वेळ वाट बघितली. मग उठली. पदर डोक्यावरून नीट घेतला, ओढ्याकडे तोंड केलं, आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली.

"बिसिकेशन तांडी, या. भात वाढलाय."

आजूबाजूच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. तिने आणखी दोनदा हाक मारली, रीत तीनदाची आहे. मग पानावर पाणी फिरवलं, परत उंबरठ्याशी येऊन बसली, आणि दैतारी मेहेरांना म्हणाली, "आता हे नाव काढून टाका."

दैतारी मेहेर खाली बघत राहिले.